जीपचा पोळा

आमच्या घराला मान होता. जमीन वाटण्यांत कमी झाली, गडीमाणसं गेली, गोठ्यातल्या दावणी एकेक करून मोकळ्या झाल्या; पण पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली पहिली जोडी आमची उभी राहायची आणि ती हलल्याशिवाय गावातलं एकही जनावर हलायचं नाही, एवढा मान शिल्लक होता. मान या वस्तूचा एक गुण मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्याला चारा लागत नाही. बैलांना लागतो. म्हणून ज्या उन्हाळ्यात कडबा मिळेना, त्या उन्हाळ्यात मोठेबाबांनी बैलजोडी बाजारात नेऊन विकली आणि मान घरी ठेवला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, गावचे पाटील. गाव त्यांना बापूसाहेब म्हणायचं, निदान समोर तरी. माझे वडील धारणीकडच्या एका शाळेत मास्तर होते आणि महिन्यातून एकदा घरी यायचे, तेव्हा बाकीचे दिवस आमच्या घरावर मोठेबाबांचं राज्य असे. अमरावतीहून वलगावला यावं आणि तिथून आत वळावं, की काळ्या जमिनीत तासभर चालून जिथे पाय दुखायला लागतात तिथे आमचं गाव. घरात मोठेबाबा, त्यांची बायको म्हणजे आमची मोठीआई, त्यांची मुलगी बेबी, माझी आई आणि मी. मी नुकतीच अमरावतीहून पदार्थविज्ञानात बी.एस्सी. होऊन आले होते आणि काही करत नव्हते. घरात बसलेली पदवीधर मुलगी ही तेव्हा शिवणयंत्रासारखी असायची. वापरात नसली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला बरी.

त्या वर्षांत आमच्या भागात माणसं फार यायची. शेतीचं काय बिनसलं आहे ते पाहायला पांढऱ्या गाड्यांतून समित्या यायच्या, वर्तमानपत्रांची माणसं यायची, पुण्या-मुंबईचे अभ्यासक यायचे आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात उभं राहून कपाळावर आठ्या घालायचे. मोठेबाबांचा समज असा की ही सगळी मंडळी त्यांनाच भेटायला येतात. गाडीचा आवाज आला की ते जाकीट चढवून ओसरीवर बसत. पाहुण्यांना चहा मिळे, चिवडा मिळे आणि आमच्या घराण्याच्या मानाची हकीगत ऐकायला मिळे. एकदा एका चष्मेवाल्या बाईंनी ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि यंदा पीक काय आलं?" मोठेबाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी देवळात चपला घातल्या होत्या.

बैल गेल्यावर घरात जीप आली. परतवाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराने ती मोडीत काढली होती. मोठेबाबांनी गावात सांगितलं की ही लढाईतली गाडी आहे, एका इंग्रज साहेबाने ती ब्रह्मदेशापर्यंत नेली होती. साहेबाचं नाव दर वेळी बदलायचं. खरं म्हणजे तिने सागवानाचे ओंडके ओढण्याखेरीज कुठलीही लढाई पाहिली नव्हती, आणि टपाच्या जागी ताडपत्री होती. पण इंजिन चांगलं होतं. रफीक नावाचा तिशीतला ड्रायव्हर हिवरखेडहून सासुरवाडीला म्हणून आमच्या गावात आला होता तो राहिलाच होता. त्याला मोठेबाबांनी ठेवून घेतलं. रफीकला गाडीपेक्षा बोलणं जास्त यायचं, आणि दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी करायचा.

या जीपचा खरा उपयोग शोधला तो माझ्या आईने आणि मोठीआईने, चुलीपाशी बसून, भाकरी थापता थापता. हायस्कूल वलगावला. सकाळची एस.टी. होती, संध्याकाळची बंद झाली होती, त्यामुळे सातवी झालेल्या मुली एकेक करून घरी बसत होत्या. बेबी तेव्हा दहावीत गेली होती. जीप दिवसभर ओसरीसमोर उभीच असते, तर तिने मुलींना न्यावं-आणावं, डिझेलपुरतं मुलींच्या घरच्यांनी द्यावं. मोठेबाबांना हे सांगताना आईने हुशारीने सांगितलं की गावच्या लेकी तुमच्या गाडीतून शाळेत जातील. "तुमच्या" या शब्दावर त्यांनी मान हलवली. अशा रीतीने जूनपासून मागच्या दोन बाकांवर मुली आणि त्यांच्या मांडीवर दप्तरं अशी जीप रोज वलगावला जाऊ लागली. पण मोठेबाबांनी त्याच वेळी एक गोष्ट स्पष्ट केली होती. जीप आहे तोवर बेबीची शाळा. जीपचं काही झालं, तर बेबीला दर्यापूरचं एक स्थळ सांगून आलंच होतं; मंडळी खानदानी होती, मुलाकडे ट्रॅक्टर होता. बेबीने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून ती शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी जीपच्या टायरांना बोटाने दाबून हवा पाहायची.

मग पोळा आला. मान होता आणि बैल नव्हते. दुसऱ्या कुणी दोन दिवसांसाठी शेजाऱ्याची जोडी मागून आणली असती. मोठेबाबांना मागणं माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं की यंदा तोरणाखाली जीप उभी राहील. आईला वाटलं ते थट्टा करत आहेत. ते आयुष्यात कधीही थट्टा करत नसत.

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात. मोठेबाबांनी अमरावतीहून पाट्या रंगवणारा एक पेंटर आणला आणि त्याला हुकूम दिला की एक बोटभर जागाही कोरी राहता कामा नये. पेंटर इमानदार निघाला. त्याने दिवे उतरवले, मडगार्ड खोलले, नटबोल्ट काढले आणि आतून, बाहेरून, खालून, जिथे माणसाची नजर कधी पोहोचणार नाही तिथेही, तेलरंगाचे जाड हात दिले. गाडी अंगभर हिंगुळासारखी लाल झाली. दोन्ही मडगार्डांवर त्याने एकेक पांढरा बैल काढला. त्यांचे डोळे सिनेमातल्या नट्यांसारखे होते. बॉनेटवर सोनेरी अक्षरांत आमचं आडनाव आलं. मग सगळं पुन्हा बसवलं गेलं, रंगावर रंग, आणि बोल्ट घट्ट पिळले गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेशेकणी असते. जुवाने घासलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. जीपचा खांदा कोणता यावर ओसरीवर बराच खल झाला आणि अखेर मडगार्ड हा खांदा ठरला. मोठीआईने डोक्यावरचा पदर सावरत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, मडगार्डाला पळसाच्या पानाने तूप चोळलं आणि जीपला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. ती आमच्या कुत्र्याने खाल्ली. तोरणाखाली गावातल्या उरल्यासुरल्या जोड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे, हार घालून, ही लाल जीप. पोळ्याच्या झडत्या म्हणण्यात आमच्या गावची पोरं तयार. मागून कुणीतरी आवाज चढवून म्हटलं:

दावन मोकळी, गव्हान मोकळी, बैल नेले बाजाराले,
पाटलानं मंग हयद लावली लोखंडाच्या गोऱ्ह्याले.

आणि सगळ्या गावाने महादेवाच्या नावाने गजर केला. मोठेबाबांनी तो गजर स्वतःचा समजून हात जोडले. मिरवणूक संपल्यावर रफीक त्यांच्यापुढे उभा राहिला आणि बैल फिरवणाऱ्या गड्याला मिळतो तसा आपल्यालाही बोजारा पाहिजे म्हणाला. त्यांनी त्याला नारळ दिला.

आजकाल जुन्या जीपगाड्यांचे मेळावे भरतात असं वाचते. शहरातली सुखवस्तू माणसं असल्या गाड्यांना मूळचा रंग देऊन, कापडाने पुसत, बाजूला उभी राहून फोटो काढतात. ते फोटो पाहिले की मला मोठेबाबांबद्दल थोडं कमी वाईट वाटतं. तो रोग एकट्या वऱ्हाडातला नव्हता.

पोळ्यानंतर महिनाभर काही झालं नाही. मग गाडी लहरी झाली. रफीक येऊन अंगणात उभा राहायचा आणि रोज नवी बातमी द्यायचा. "बापूसाब, हॉर्न मारला का लाइट मरते. ब्रेक दाबला तं साइडचा इशारा पेटून राहिला. मी थांबतो अन् मागचा समजते हा वळून राहिला." मोठेबाबांनी त्याला सांगितलं की मग हॉर्न कमी वाजव. डावा दिवा पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा झाला. दिवे लावले की डॅशबोर्डावरचा काटा आपोआप चढायचा, जणू इंजिन तापलंय. दिवस मोठे होते तोवर हे सगळं विनोदाचं होतं. दिवाळी झाली, दिवस लहान झाले, शाळा सुटून गावात पोहोचेपर्यंत अंधारू लागलं, आणि विनोद संपला. एका संध्याकाळी गावाबाहेरच्या वळणावर समोरून कापसाने भरलेला ट्रक आला. रफीकने हॉर्न दाबला आणि दोन्ही दिवे विझले. वळणामुळे ट्रकचा उजेड दुसरीकडे पडत होता, ट्रकवाल्याला जीप दिसत नव्हती. रफीकने गाडी सरळ शेतात घातली. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, एकीचं कोपर फुटलं, बाकी कुणाला काही झालं नाही. घरी आल्यावर रफीक प्रथमच काही बोलला नाही. ओट्यावर बसून पाणी प्यायला.

दुसऱ्या सकाळी जीप मुलींसाठी उभी राहिली आणि एकही मुलगी आली नाही. त्यांच्या आयाबापांचं काही चुकलं नव्हतं. दिवे नीट झाले की पाठवू, एवढंच त्यांनी सांगितलं. मोठेबाबांना यात एकच गोष्ट दिसली. त्यांनी दर्यापूरला निरोप धाडला की येऊन मुलगी पाहून जा. बेबी दोन दिवस जेवली नाही, म्हणजे जेवायला बसायची, पातोडीच्या रश्शात भाकर कुस्करायची आणि उठून जायची. मोठीआई तिचं ताट उचलायची.

गाडी मात्र दुरुस्त व्हायला हवीच होती, कारण मोठेबाबांना कुणा पुढाऱ्याच्या दौऱ्यात पुढे राहायचं होतं. अमरावतीचे मेकॅनिक त्यांना चालेनात. लढाईतल्या गाडीचं मर्म त्या पोरासोरांना काय कळणार. अकोल्याला त्यांच्या साडूच्या ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन होता, त्याच्या दुकानावर "गाड्यांचे डॉक्टर" अशी पाटी होती. दिवसाउजेडी आम्ही तिकडे गेलो. मला बरोबर नेलं, कारण माझं पहिलं वर्ष अकोल्याच्या कॉलेजात झालं होतं आणि तिथून एक दाखला आणायचा होता. डॉक्टर लठ्ठ होते आणि खुर्चीतून उठत नसत. भिंतीवर त्यांचे वेगवेगळ्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत पुढारी दुसरीकडे पाहत होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि निदान सांगितलं.

"बापूसाहेब, नसा कमजोर झाल्या गाडीच्या. जुनं रक्त आहे. थ्याले ताकद द्या लागन."

ताकद म्हणजे नवी बॅटरी, दुसरा डायनमो, नवं कटआउट आणि पहिल्याच्या दुप्पट जोराचे बल्ब. प्रत्येक वस्तू त्यांनी आधी टेबलावर ठेवून बॅटरीला सरळ दोन वायरी जोडून दाखवली. टेबलावर सगळंच लख्ख चालत होतं. गाडीवर चढवल्यावरही तासभर बरं चाललं, आणि मोठेबाबांनी मला सांगितलं की पाह्य, याले म्हन्तात विद्या. मूर्तिजापूरच्या अलीकडेच काटा चढायला लागला. डॉक्टरांना पुढे फोनवर विचारलं तर म्हणाले, पथ्य पाळलं नसेल. मी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. ज्याने चार वस्तू बदलून जुना दोष जसाच्या तसा ठेवला, त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा गाडीशी बोललेलं बरं, असं मला वाटलं.

टेबलावर चालतं आणि गाडीवर चालत नाही, हे वाक्य मात्र परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात बसलं. घरी आल्यावर गाडी सुरू करताना रफीक ओरडला की चोकची तार हात पोळते. मी हात लावला. खरोखरच गरम होती. चोकच्या तारेत विजेचं काही काम नसतं, ती नुसती ओढायची तार. तिच्यातून वीज जात असेल, तर वीज तिच्या नेहमीच्या वाटेने जाऊ शकत नाही म्हणून आडवाटेने पळते आहे. गाडीत घरासारख्या दोन वायरी नसतात. दिव्यापर्यंत एकच वायर जाते. तिथून बॅटरीकडे परतायचं ते गाडीच्या अंगातल्या लोखंडातून. म्हणूनच प्रत्येक दिव्याचा डबा लोखंडाला लोखंड टेकवून बसवतात, आणि बॅटरीचा एक जाड पट्टा सरळ चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने आवळलेला असतो. मी एका बल्बला दोन वायरी जोडल्या. एक टोक बॅटरीच्या अधिक बाजूला धरलं, दुसरं उणे बाजूला. बल्ब झगझगीत पेटला. मग दुसरं टोक उणे बाजूवरून काढून मडगार्डाच्या एका बोल्टला लावलं. बल्बमधली तार नुसती लाल झाली, विस्तव विझताना होते तशी. रफीक माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"म्हन्जे ताई," तो म्हणाला, "वापस याचा रस्ताच रंगवून टाकला यायनं."

तेच झालं होतं. चासीवरच्या पट्ट्याखाली रंग होता, दिव्यांच्या डब्यांखाली रंग, मडगार्डांच्या जोडांत रंग. बोल्टच्या आट्यांनी थोडंफार लोखंड पकडून महिनाभर काम भागवलं. मग पावसाचं पाणी शिरलं, तेही संपलं. नव्या वायरी ओढल्या तरी कुठे ना कुठे लोखंड उघडं करावंच लागणार होतं. चार-पाच जागा खरवडल्या की काम संपत होतं. त्यातली दोन मडगार्डांवर होती, जिथे दिव्याचा डबा बसतो तिथे, म्हणजे पेंटरने काढलेल्या बैलांच्या बरोबर कपाळावर.

मी मोठेबाबांना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकलं, विजेचा भाग सोडून. म्हणाले, पोळ्याच्या बैलाचं कपाळ खरवडलं असं कुणी कधी ऐकलंय काय. दौरा येऊन जाऊ दे, मग पाहू. दौऱ्याची तारीख कुणाला माहीत नव्हती. बहुधा पुढाऱ्यालाही नसावी. मी म्हटलं, बेबीची शाळा बुडते आहे. ते म्हणाले, सोमवारी दर्यापूरचे पाहुणे येत आहेत, आता शाळेचं काय काम. हे त्यांनी असं सांगितलं की जणू ते माझंच काम सोपं करत होते. मी बाहेर येऊन आईला सांगितलं, आईने मोठीआईला. मोठीआई परातीत पीठ मळत होती.

रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. मोठीआई घरातून बाहेर आली. तिच्या हातात चुलीपाशी भाकर उलटायचा सराटा होता. ती सरळ जीपपाशी गेली आणि मला म्हणाली, "मंदे, कोठी खरवडू, दाखव."

मी दाखवलं. रफीकने डबे उतरवले, आणि ती सराट्याची कड लावून रंग काढू लागली. पेंटर इमानदार होता. रंग सहज निघत नव्हता. लाल पापुद्रे तिच्या लुगड्यावर पडत होते. तो खरखर आवाज आत मोठेबाबांपर्यंत गेला आणि ते धोतर सावरत बाहेर आले. गल्लीतल्या दोन-तीन बायका कुंपणापाशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांना पाहून मोठेबाबांचा आवाज एकदम हलका झाला.

"काय करून राहिली तू? अवं, बैल आहे थो."

मोठीआईने हात थांबवला नाही. "बैल तुमी उन्हाळ्यात इकले," ती म्हणाली. "हा रंग आहे."

मी त्या घरात वीस वर्षं काढली होती आणि तिने त्यांना असं उत्तर दिलेलं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं. त्यांनी कुंपणापलीकडच्या बायकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रफीककडे पाहिलं. रफीक एकदम फार मन लावून एक बोल्ट पुसत होता. मग मोठेबाबा म्हणाले की आत फार डास झाले आहेत, आणि आत गेले. ते वाक्य इतकं निरर्थक होतं की मला आजही त्यात त्यांच्या आयुष्यभराच्या रुबाबाचा सारांश दिसतो.

चासीवरच्या पट्ट्याची जागा मी स्वतः, गाडीखाली झोपून, सुरीने साफ केली. रफीकने सगळं आवळलं. दिवे लावले आणि समोरच्या गोठ्याची भिंत लख्ख झाली, रिकाम्या गव्हाणीतला कडब्याचा उरलेला पाचोळाही दिसला. हॉर्न दाबला, दिवे हलले नाहीत. ब्रेक दाबला, मागे फक्त ब्रेकचा दिवा लागला. रफीकने पुन्हा हॉर्न दाबला, मग आणखी एकदा, कारण नसताना. तो आवाज ऐकून मुलींचे बाप एकेक करून आले, दिव्यांपुढे हात धरून पाहून गेले. मोठीआईने सराटा राखेने घासला आणि त्याच सराट्याने रात्रीच्या भाकरी उलटल्या.

सोमवारी मोठेबाबा पाहुण्यांसाठी मिठाई आणायला सकाळच्या एस.टी.ने अमरावतीला गेले. पाहुणे दुपारनंतरचे होते. मोठेबाबा गेल्यावर मोठीआईने बेबीच्या हातात डबा ठेवला, ठेचा आणि कळण्याची भाकर, आणि म्हणाली, जा. बेबीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दप्तर घेऊन अशी पळाली की चप्पल उंबऱ्यातच राहिली. ती घ्यायला परत आली आणि पुन्हा पळाली.

दर्यापूरहून मुलाचे वडील आणि मामा आले. त्यांनी चिवडा खाल्ला, शेव खाल्ली, पेढे खाल्ले, दोनदा चहा घेतला. मोठेबाबांना परत आल्यावर कळलं होतं की मुलगी घरात नाही, आणि त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की ती देवळात गेली आहे. तासभराने मामांनी विचारलं की देऊळ लांब आहे काय. तेवढ्यात अंधारात गाडीचा आवाज आला आणि दोन दिव्यांचा उजेड ओसरीवर, पाहुण्यांच्या टोप्यांवर, पेढ्यांच्या ताटावर पसरला. मुली उतरून आपापल्या घरी पळाल्या. बेबी धुळीने भरलेल्या केसांनी, दप्तर छातीशी धरून पाहुण्यांच्या मधून आत गेली आणि आत जाता जाता म्हणाली, "माय, भूक लागली."

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे मुलगी शाळेत जाते?"

मोठीआई दारात आली. परक्या पुरुषांसमोर ती बोलत नसे. "जाते," ती म्हणाली. "उन्हाळ्यात परीक्षा आहे. मंग पुढचं थेलेच इचारू, थे काय म्हन्ते थे तुमाले कळवू."

मोठेबाबांनी खाकरून सुरुवात केली की आमच्या घराण्यात स्त्रीशिक्षणाची जुनी परंपरा आहे. ही परंपरा आदल्या दिवशीपर्यंत कुणाला माहीत नव्हती. मामांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की वलगावहून शेवटची गाडी निघून जाईल. पाहुण्यांना पोहोचवणं घराण्याच्या मानाचं होतं, म्हणून मोठेबाबा स्वतः पुढच्या सीटवर बसले, पाहुणे मागे मुलींच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. रफीकने गाडी सुरू केली. मी आणि आई दारात उभ्या राहून पाहत होतो. दोन्ही दिवे सारखे जळत होते. वळणावरचा खड्डा, बाभळी, शेतातली पऱ्हाटी, सगळं दूरवर स्वच्छ दिसलं, आणि त्या उजेडात पाहुणे गावाबाहेर गेले.

परत आल्यावर मोठेबाबांनी जाकीट काढून खुंटीला लावलं आणि ओसरीवर बसून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पाहुण्यांनी वाटेत मुलीचा विषय काढला नाही, पण गाडीच्या दिव्यांची फार तारीफ केली. असे दिवे दर्यापुरात कुणाकडे नाहीत म्हणाले. आत बेबी पाटावर बसून तिसरी भाकर मोडत होती.

"हो," मोठीआई म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या."